विमानतळावरून गावची गाडी कशी पकडायची : मुंबईत उतरून कोकणात जाणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

मे महिना आणि गणपती जवळ आले की आमच्याकडे कोणाचा ना कोणाचा फोन ठरलेला असतो, "अरे मी अमक्या तारखेला उतरतोय, कोकणकन्या मिळेल काय?" आणि मग मी तेच तेच रामायण पहिल्यापासून सांगत बसतो. म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच काढू. मी मस्कतला अकरा वर्षं काढली, वर्षातून एकदा कधी दोनदा मुंबईत उतरून कुडाळ, म्हणजे पंधरा-वीस वेळा तरी हे विमानातून ट्रेनमध्ये जायचं प्रकरण केलंय. त्यात एकदा गाडी सरळ चुकली आणि एकदा मिळूनही नसल्यासारखीच झाली, ती गोष्ट पुढे येईलच. आता सिंधुदुर्गात चिपी विमानतळ झाला, गोव्यात मोपा झाला, तिथलं विमान तारखेला आणि खिशाला जमत असेल तर हा लेख वाचूच नका, थेट उतरा आणि घरी जाऊन जेवा. पण बऱ्याच जणांना अजून मुंबईवरूनच यावं लागतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपण काय करतो, आधी गाडी ठरवतो, "कोकणकन्याने जाणार", आणि मग ती कुठून सुटते ते बघतो. उलटं करायचं. विमान किती वाजता उतरतं, त्या वेळेला रस्ता कसा असतो, त्यावरून स्टेशन ठरवायचं आणि त्या स्टेशनावर थांबणारी गाडी घ्यायची.

मुंबई म्हणजे एक स्टेशन नाही

बाहेरून बघणाऱ्याला मुंबई एकच वाटते, पण लांबच्या गाड्या सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस), दादर, कुर्ल्याचं लोकमान्य टिळक टर्मिनस (एलटीटी), मुंबई सेंट्रल आणि वांद्रे टर्मिनस इतक्या ठिकाणांहून सुटतात आणि शिवाय ठाणे, कल्याण, पनवेल, बोरिवलीला थांबतात. कोकणवाल्यांना कामाची म्हणजे सीएसएमटी, दादर, एलटीटी, ठाणे आणि पनवेल. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या माणसाला महालक्ष्मी किंवा नागपूरकडच्याला विदर्भ पकडायची असेल तर ठाणे-पनवेलच्या जागी कल्याण धरा, बाकी हिशोब तोच. वांद्रे टर्मिनस जास्त करून गुजरात-राजस्थानच्या गाड्यांचं, पण तिथून २०२४ पासून वसई-पनवेलमार्गे मडगावची एक गाडी आठवड्यातून दोनदा सुटते, बोरिवली-वसईच्या लोकांसाठी बरी आहे, आपल्याला तारीख जुळली तर जुळली.

सहारच्या टर्मिनल २ पासून रस्त्याने अंतर बघा, एलटीटी साधारण ९-१० किलोमीटर, दादर १३-१५, ठाणे २०-२५, सीएसएमटी २५ च्या आसपास, पनवेल ४० च्या घरात. म्हणजे जी गाडी सीएसएमटीवरून सुटते ती पकडायला सीएसएमटीला जाणं हा सगळ्यात वेडा पर्याय, कारण तुम्ही विमानतळावरून दक्षिणेला जाणार आणि तीच गाडी तुम्हाला घेऊन परत उत्तरेला दादर-ठाण्याला येणार. तरीही लोक जातात, का तर तिकिटावर "सीएसएमटी" छापलंय. माझे काका तर सीएसएमटीलाच बसायचं म्हणून अडून बसायचे, गाडी सुटण्याआधी डब्यात जाऊन सामान लावून घ्यायचं समाधान त्यांना पाहिजे असायचं. त्यात तथ्य आहे म्हणा. सामान खूप असेल, बरोबर म्हातारं माणूस असेल आणि वेळ भरपूर असेल तर सीएसएमटी चांगलं, कारण गाडी आधीपासून प्लॅटफॉर्मला लागलेली असते, दादरला मात्र दोन-तीन मिनिटांत सगळं आत कोंबायचं असतं.

वेळेचा हिशोब, इथेच सगळे फसतात

विमानाच्या तिकिटावर लिहिलेली उतरायची वेळ ही आपल्या कामाची वेळच नाही. आपली वेळ म्हणजे बॅग हातात घेऊन तुम्ही दाराबाहेर उभे आहात ती. आंतरराष्ट्रीय विमान असेल तर चाकं टेकल्यापासून इमिग्रेशन, बेल्ट, कस्टम करून बाहेर यायला दीड तास धरायचाच. पहाटे तीन ते पाचच्या मधे एकामागून एक विमानं उतरत असतात, तेव्हा इमिग्रेशनची रांग बघून पोटात गोळा येतो. देशातल्या देशात आला असाल, बॅग बेल्टवर असेल तर पाऊण ते एक तास, फक्त खांद्यावरची बॅग असेल तर अर्धा तास पुरतो.

त्यात रस्ता मिळवा. रात्री बारा ते पहाटे पाच एलटीटी वीस मिनिटं, दादर पंचवीस, सीएसएमटी पस्तीस-चाळीस. संध्याकाळी पाच ते नऊ याच आकड्यांना दोनने गुणा आणि पाऊस असेल तर गुणाकार सोडूनच द्या. हिंदमाता, सायन, कुर्ला इथे पाणी भरलं की टॅक्सीवाला स्वतःच हात वर करतो. स्टेशनवर पोचून पूल चढून प्लॅटफॉर्म शोधायला अर्धा तास. आणि विमान लेट होणार याचा दीड तास, हा तर हवाच हवा.

बेरीज करा. परदेशातून येऊन संध्याकाळच्या वेळी सीएसएमटी किंवा दादर असेल तर उतरायच्या छापील वेळेपासून गाडीपर्यंत पाच तास. रात्री-पहाटे असेल तर चार. देशांतर्गत असेल तर साडेतीन, नुसती खांद्यावरची बॅग असेल तर तीन. याच्या खाली गेलात तर तो जुगार, कधी जिंकाल, पण मग गाडी चुकल्यावर कोणाला शिव्या द्यायच्या नाहीत.

उदाहरण घेऊ. कोकणकन्या सीएसएमटीवरून रात्री ११:०५ ला. म्हणजे तुमचं विमान संध्याकाळी सहा-साडेसहापर्यंत उतरणारं पाहिजे. साडेसातला उतरणारं असेल तर ठाणे किंवा पनवेलवरून बसायचं तिकीट काढा, पनवेलला ती मध्यरात्रीनंतर येते म्हणजे सव्वा तास फुकट मिळाला. पहाटे साडेतीन-चारला उतरत असाल तर लोकांना ५:१० ची जनशताब्दी, ५:२५ ची वंदे भारत, ५:५० ची तेजस दिसते आणि तोंडाला पाणी सुटतं. नाही! त्या सोडा. सकाळी ७:१० ची मांडवी दादर-ठाण्यावरून धरा, तीही विमान साडेतीनच्या आत उतरणार असेल तर. नाहीतर सरळ एलटीटीची ११:४० ची नेत्रावती. एलटीटी जवळ आहे, मधे चहा प्या, तोंड धुवा, घरी फोन करा, काही घाई नाही. दुपारची ३:२० ची मत्स्यगंधा पण एलटीटीवरूनच. या दोन्ही गाड्या पुढे केरळ-मंगळूरला जाणाऱ्या असल्यामुळे आपल्या सगळ्या स्टेशनांवर थांबत नाहीत, तुमच्या गावचा थांबा आहे की नाही ते आधी बघा, नाहीतर कुडाळला जायचं आणि उतरायचं भलतीकडेच असं व्हायचं. वेळा मी आत्ताच्या टाइमटेबलच्या सांगतोय, तिकीट काढताना एकदा पडताळून घ्या.

तिकीट काढताना

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस होते ते नोव्हेंबर २०२४ पासून बदललं. आपली पंचाईत अशी की विमानाचं तिकीट स्वस्त म्हणून चार-पाच महिने आधी काढलेलं असतं आणि ट्रेनचं उघडलेलंच नसतं. म्हणून विमान बुक केलं की लगेच कॅलेंडरवर ६० दिवस आधीची तारीख लिहून ठेवा, सकाळी आठला बसायचं. गणपतीच्या दिवसांत तर पाच मिनिटांत वेटिंग सुरू होतं.

आता तारखेचा घोळ. दादरवरून सावंतवाडीला जाणारी तुतारी रात्री १२:०५ ला सुटते. माझ्या मेहुण्याचं विमान १४ तारखेला संध्याकाळी सातला उतरणार होतं, त्याने तुतारीचं तिकीट काढलं १४ तारखेचं. दादरला रात्री अकरा वाजता आम्ही दोघं वडापाव खात उभे, मी सहज तिकीट बघितलं आणि वडापाव घशातच अडकला, कारण १४ तारखेची तुतारी आदल्या रात्रीच, म्हणजे तेरा संपून चौदा लागल्यावर पाच मिनिटांनी, निघून गेलेली. कन्फर्म तिकीट, खालचा बर्थ, सगळं वाया. रात्री बारानंतरच्या गाडीला तारीख दुसऱ्या दिवसाची टाकायची. तीच गोष्ट कोकणकन्या पनवेलवरून काढताना, सीएसएमटीवरून ती १४ तारखेची असली तरी पनवेलला ती पोचते तेव्हा १५ लागलेली असते. तिकीट हातात आल्यावर तारीख आणि वेळ बोट ठेवून मोठ्याने वाचा, हसू नका, मी अजून वाचतो.

बोर्डिंग स्टेशन. समजा तिकीट सीएसएमटीवरून आहे आणि तुम्हाला ठाण्याला चढायचंय, तर चार्ट, म्हणजे कोणाला कुठला बर्थ त्याची शेवटची यादी, लागायच्या आत आयआरसीटीसीवर बोर्डिंग पॉइंट बदलून घ्या, फुकट होतं, दोन मिनिटांचं काम. पण एकदा बदललं की मूळ स्टेशनावरून चढायचा हक्क गेला हे लक्षात ठेवा. आणि चार्ट हल्ली गाडीच्या आठ-दहा तास आधीच लागतो, सकाळच्या गाड्यांचा तर आदल्या रात्रीच, त्यामुळे "विमानातून उतरल्यावर बघू" हे चालत नाही, विमानात बसायच्या आधीच ठरवायचं. म्हणून माझा सल्ला असा की शंका असेल तर सुरुवातीपासूनच तिकीट उशिराच्या स्टेशनाचं काढा. सीएसएमटीपर्यंतचे जास्तीचे पैसे देऊन उपयोग काय.

वेटिंगचं ई-तिकीट चार्ट लागल्यावर कन्फर्म झालं नाही तर आपोआप रद्द होतं, पैसे परत येतात पण गाडीत चढता येत नाही. आरएसी (एका बर्थवर दोघांनी बसायचं तिकीट) असेल तर बिनधास्त चढा, निदान बसायला जागा आहे. वेटिंगवर असाल तर दुसऱ्या गाडीचंही एक तिकीट काढून ठेवा, थोडे पैसे कापले जातील. तत्काळ आदल्या दिवशी एसीचं सकाळी दहाला आणि स्लीपरचं अकराला उघडतं, पण ऑनलाइन काढायला जुलै २०२५ पासून आधार लागतं. तुमचं खातं जोडलेलं नसेल तर तिकडून काही करता येणार नाही, आधीच करून ठेवा नाहीतर घरच्या कोणाला तरी काढायला सांगा.

अजून एक. काही जण विचारतात की विमान लेट झालं तर रेल्वे पैसे देईल ना? नाही. दोन ट्रेनचे पीएनआर (तिकिटावरचे नंबर) जोडता येतात, पहिली गाडी लेट होऊन दुसरी चुकली तर काहीतरी परतावा मिळतो, पण विमान आणि ट्रेन यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. उलट गाडीच तीन तासांपेक्षा जास्त लेट असेल आणि तुम्हाला जायचं नसेल तर ती प्रत्यक्ष सुटायच्या आत टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरा, सगळे पैसे मिळतात.

सामान

गल्फवाल्यांचा हा जिव्हाळ्याचा विषय. स्लीपर आणि थ्री एसीला ४० किलो फुकट, टू एसीला ५०, फर्स्ट एसीला ७०. म्हणजे विमानातले ३० आणि हातातले ७ धरले तर ३७, स्लीपरमध्ये बसतं. अमेरिकेहून दोन तेवीस-तेवीसच्या बॅगा घेऊन येणाऱ्याचं मात्र थ्री एसीत नियमाने जास्त होतं. प्रत्यक्षात कोणी काटा घेऊन येत नाही, पण जागेचा प्रश्न खरा आहे. मोठी बॅग बर्थखाली उभी जात नाही, आडवी करून ढकलावी लागते, आणि तिथे आधीच्या प्रवाशाची आंब्याची पेटी असते. त्यामुळे एका मोठ्यापेक्षा दोन मध्यम बॅगा चांगल्या. खोकं आणणार असाल तर दोरीला हाताला धरायची गाठ करून आणा, पुलाच्या पायऱ्यांवर त्याची किंमत कळते. आणि बॅगेला लावायची साखळी-कुलूप, दीडशे रुपयांत स्टेशनवरच मिळते, रात्रीची झोप त्याच्यावर आहे.

उतरल्यावर

विमानातच फोन चालू करून घ्या आणि तुमचं भारतातलं सिम चालतंय का बघा. ओला-उबर, विमानतळाचं वायफाय, सगळ्याला ओटीपी लागतो आणि बाहेरच्या सिमवर तो येईलच असं नाही. म्हणून तिकिटाचा स्क्रीनशॉट, आणि जमलं तर कागदावर प्रिंट. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट चालतो. भारतातले दोन-तीन हजार रुपये खिशात असू द्या, गेल्या खेपेचे उरलेले जपून ठेवायचे ते यासाठीच.

बेल्टवर वाट बघताना हातातल्या हातात गाडीचं लाइव्ह स्टेटस बघून घ्या. सुटायच्या स्टेशनवरून गाडी वेळेवरच दाखवेल, पण तिचा रेक, म्हणजे तिचेच डबे, उलट दिशेने वेळेत आलाय का ते बघितलं तर खरं कळतं, येणारी गाडीच चार तास मागे असेल तर जाणारी वेळेवर कशी सुटणार.

बाहेर आल्यावर तुमच्यावर माणसं धावून येतील, "टॅक्सी साब, दादर, पनवेल, पुणे". मान हलवा आणि पुढे चालत राहा. प्रीपेड काउंटर किंवा अॅप, दोनच गोष्टी. आणि नीट सांगा कुठे जायचंय. एलटीटीला जाणार असाल तर नुसतं "कुर्ला" म्हणू नका, टॅक्सीवाला कुर्ला स्टेशनच्या बाजाराच्या गर्दीत नेऊन सोडेल आणि टर्मिनस तिथून लांब आहे. "कुर्ला टर्मिनस, टिळकनगरच्या बाजूचं" असं सांगा. रिक्षा उपनगरातच चालते, एलटीटी, वांद्रे टर्मिनस, ठाणे इथे येईल, पण माहीम आणि सायनच्या पुढे येत नाही त्यामुळे दादर-सीएसएमटीला टॅक्सीच. किमान भाडं १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं २६ आणि टॅक्सीचं ३१, मध्यरात्री ते पहाटे पाच सव्वापट. एलटीटीला रिक्षाने मीटरवर गेलात तर दोनशेच्या आत-बाहेर, कोणी सहाशे सांगितले तर हसून सोडा.

मेट्रोचं काय? जमिनीखालची मेट्रो ३ आता आरे ते कफ परेड पूर्ण सुरू आहे, ९ ऑक्टोबर २०२५ पासून, ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, भाडं १० ते ७० रुपये. विमानतळाच्या टी १ आणि टी २ (टर्मिनल १ आणि २) दोन्हीला स्टेशन आहे, दादरला आहे, मुंबई सेंट्रलला आहे, सीएसएमटीला आहे. संध्याकाळी हायवे तुंबलेला असताना टी २ वरून सीएसएमटी साधारण पाऊण तासात, एसीत बसून, हे मला अजून स्वप्नासारखंच वाटतं. पण तीन गोष्टी. एक, ती सकाळी सहाच्या आसपास सुरू होऊन रात्री साडेदहाच्या सुमारास बंद होते, म्हणजे पहाटे उतरणाऱ्याला उपयोग नाही. दोन, सामान एक्सरेतून जातं, लिफ्ट-सरकते जिने आहेत पण चालणं आहे, त्यामुळे एक ट्रॉली बॅग आणि एक सॅक असेल तरच, दोरीचं खोकं घेऊन नका जाऊ. तीन, खाली मोबाइल नेटवर्कचा भरवसा धरू नका, तिकीट वरच काढून घ्या नाहीतर रोख पैसे हातात ठेवा.

दादर मेट्रोबद्दल जास्त सांगतो, कारण तिथे लोक गोंधळतात. मेट्रो स्टेशन पश्चिमेला गोखले रोडच्या बाजूला आहे, तिथून दादर रेल्वे स्टेशन चालत दहा-बारा मिनिटं, वाटेत फेरीवाले, फूलवाले आणि सगळी गर्दी. आणि कोकणच्या गाड्या मध्य रेल्वेच्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूला, तर पूल ओलांडायचा आहेच. एक चांगलं झालं, डिसेंबर २०२३ पासून दादरचे प्लॅटफॉर्म सलग नंबरचे केले, पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४. पूर्वी "चार नंबर" म्हटलं की कुठला चार हा प्रश्न असायचा, मी स्वतः एकदा चुकीच्या चारवर पंधरा मिनिटं उभा होतो. सामान असेल तर मेट्रोने दादरपेक्षा सीएसएमटी सोपं, भुयारी मार्गाने स्टेशनातच येता. तिथे १ ते ७ लोकलचे, लांबच्या गाड्या ८ ते १८ ला, आणि १८ म्हणजे पार टोकाला हे ध्यानात ठेवून निघा.

एलटीटीला मेट्रोने जायचं तर मरोळ नाक्याला बदलून मेट्रो १ ने घाटकोपर आणि तिथून रिक्षा, पण खरं सांगू का, एवढ्या जवळच्यासाठी तीन वाहनं बदलण्यापेक्षा सरळ टी २ वरून रिक्षा करा.

लोकलचा विचार फक्त एकाच परिस्थितीत करा, हातात एकच बॅग, रविवार नाही, आणि गर्दीची वेळ नाही. टी १ वरून विलेपार्ले स्टेशन जवळ आहे, तिथून स्लो लोकलने दादर वीस मिनिटं. सकाळी आठ ते अकरा त्या दिशेला बॅग घेऊन चढायचा प्रयत्न केलात तर लोक तुम्हाला बॅगेसकट खाली उतरवतील, आणि त्यांची काही चूक नाही. रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी लोकल बंद नाहीतर उशिरा.

स्टेशनवर वेळ काढायचा असेल तर

क्लोक रूम सीएसएमटी, दादर, एलटीटीला आहे, सामानाला कुलूप पाहिजे आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं, कुलूप नसलेलं खोकं घेत नाहीत. मुंबई सेंट्रलला २०२१ पासून पॉड हॉटेल आहे, रात्री आडवं व्हायला ठीक. हमाल करायचा तर लाल शर्ट आणि दंडावर बिल्ला बघून, पैसे आधी ठरवून, डबा नंबर सांगून. एकटे असाल आणि पूल चढायचा असेल तर शे-दीडशे रुपये वाचवायच्या भानगडीत पडू नका. एलटीटीच्या बाहेर जेवणाचं फार काही बघण्यासारखं नाही, दादरला असाल तर पोटभर खाऊन चढा.

विमान लेट झालंच तर

आता ती राहिलेली गोष्ट. आठ-नऊ वर्षांपूर्वीची. विमान दोन तास उशिरा, वर बेल्टवर माझं खोकं काही येईना. मार्करने त्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहिलेलं, आईने सांगितलेला मिक्सर आत. पन्नास मिनिटं तो रबराचा पट्टा बघत उभा, एक गुलाबी बॅग सात वेळा माझ्यासमोरून फिरून गेली, ती अजून आठवते. बाहेर आलो तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं, तिकीट सीएसएमटीवरून रात्री अकराचं. टॅक्सीवाला म्हणाला, "सीएसटी विसरा, ठाण्याला सोडतो." जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून हायवेला लागलो आणि ठाण्याला साडेअकराला पोचलो, पूल चढताना खोक्याची दोरी तुटली, पण गाडी मिळाली. बर्थ नाही मिळाला. मी बोर्डिंग बदललेलं नव्हतं, सीएसएमटीला आणि दादरला आलो नाही म्हणून टीसीने नियमाप्रमाणे तो आरएसीवाल्याला देऊन टाकलेला. रत्नागिरीपर्यंत दाराशी मिक्सरच्या खोक्यावर बसून गेलो. चूक माझीच.

तर उशीर झाला हे कळल्यावर करायचं काय. विमानात बसण्याआधीच कळलं असेल आणि चार्ट लागला नसेल तर तिथूनच बोर्डिंग पनवेल करून टाका. उतरल्यावर कळलं तर घड्याळ बघा आणि गाडीच्या पुढे जा, मागे नका धावू. रात्री ठाणे पाऊण तासात होतं, पनवेल एक ते सव्वा तासात, वाशीला ट्रॅफिक नसेल तर. बर्थची खात्री राहत नाही, पण १३९ ला फोन करून बघा, आणि गाडीत चढल्या चढल्या आधी टीसीला शोधा, आपल्या जागेवर जाऊन भांडत बसू नका.

गाडी गेलीच तर? कोकणात जायला कुर्ला नेहरूनगर, परळ, मुंबई सेंट्रल, बोरिवली इथून एसटी आहेत, नेहरूनगर तर एलटीटीच्या जवळच. रात्रीच्या खाजगी बस सायन-चेंबूर-पनवेलवरून जातात. पुण्याला जायचं असेल तर दादरवरून शिवनेरी, त्यात काही टेन्शन नाही. मुंबई-गोवा हायवेने रात्रभराची टॅक्सी करायच्या फंदात मात्र पडू नका, विमानाच्या तिकिटाएवढे पैसे जातील.

नवी मुंबईला उतरत असाल तर

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं सुरू झालीत. तिकीट काढताना विमानतळाचा कोड वाचा, सहार-सांताक्रूझचा बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. कोकणवाल्यांना ही लॉटरीच आहे म्हणा, कारण पनवेल स्टेशन तिथून जवळ आणि कोकणकन्या, मांडवी, तुतारी, नेत्रावती, मत्स्यगंधा सगळ्या पनवेलला थांबतात. इथे उतरून सीएसएमटीचं तिकीट काढलं तर तुमच्यासारखे तुम्हीच. वरच्या हिशोबातून रस्त्याचा एक तास कमी करा, विमान लेट व्हायचा दीड तास मात्र तसाच ठेवा. पनवेलला गाडी थोडाच वेळ थांबते, म्हणून डब्याची जागा दाखवणारा बोर्ड बघून आधीच तिथे जाऊन उभे राहा. सामान घेऊन एस ३ पासून बी २ पर्यंत पळणारी माणसं मी दरवेळी बघतो.

परत जाताना

उलट्या प्रवासात विमान सकाळचं असेल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा, नातेवाईकाकडे झोपा. ट्रेन तीन-चार तास लेट होणं कोकणात बातमी नाही, पावसाळ्यात तर नाहीच. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळी टाइमटेबल लागतं, गाड्या हळू चालवतात, आणि गावाकडून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा बदलतात. एप्रिलमध्ये बघितलेली वेळ धरून जुलैमध्ये स्टेशनवर जाणारे दरवर्षी असतात. रात्रीच्या गाडीने सकाळी पोचून संध्याकाळचं विमान, हा सगळ्यात बरा बेत. सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, ठाण्याला किंवा दादरला उतरा, नवी मुंबईचं विमान असेल तर पनवेललाच, आणि पनवेल पहाटे येत असेल तर अलार्म लावा, शेजारच्यालाही सांगून ठेवा. लोणचं आणि कोकम आगळ हातातल्या बॅगेत ठेवू नका, सिक्युरिटीवाला काढून घेतो. माझी दोन लिटर आगळ गेलीय तिथे.